पेंड, कोंडा, चोथा: उरलेल्यात अन्न किती?

भात कांडून सडला की कोंडा निघतो, तेल गाळलं की पेंड उरते, फळाचा रस काढला की चोथा, सोयाबीनचं दूध काढलं की ओला लगदा, चीज केलं की पिवळसर पाणी. शेतमाल ताटापर्यंत येईतो असं बरंच काही वाटेत बाजूला पडतं. काही जनावरांपुढे जातं, काही खतात, काही भट्टीत आणि काही सरळ नाल्यात. या सगळ्याला मिळून शेतमालाचे उपपदार्थ म्हणतात. त्यांच्यातल्या पोषणाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं आणि ते रास्तच आहे. पण ‘कोंड्यात इतकी प्रथिनं, सालीत इतकं लोह’ असे जे आकडे फिरत असतात, त्यांतून अर्धीच गोष्ट कळते. उपपदार्थ माणसाच्या खाण्यालायक होतो की नाही, हे बऱ्याच अंशी तो यंत्रातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत त्याचं काय झालं यावर ठरतं. प्रथिनांचे टक्के त्यानंतर येतात.

आधी आकडे कुठून येतात ते पाहू. धान्यावर, तेलबियांवर आपण प्रक्रिया करतो ती बहुतेक वेळा स्टार्च, साखर किंवा तेल वेगळं काढण्यासाठी. हे तीनही पदार्थ भरपूर ऊर्जा देणारे आणि साठवायला सोपे. ते काढून घेतले की दाण्यातली प्रथिनं, तंतू, खनिजं आणि बरीचशी जीवनसत्त्वं उरलेल्या भागात एकवटतात. पातेल्यातलं पाणी आटलं की त्यातलं मीठ जास्त लागतं, तसंच. शेंगदाण्यात साधारण २५ टक्के प्रथिनं आणि जवळपास निम्मं तेल असतं. तेल पुरतं काढून घेतलं की मागे राहिलेल्या पिठात प्रथिनं ५० टक्क्यांच्या आसपास दिसतात. नवं प्रथिन कुठून आलेलं नसतं, फक्त तेल निघून गेलेलं असतं. सोयाबीनची तेल काढलेली पेंड त्याच पातळीवर असते. रेपसीड या मोहरीच्या कुळातल्या तेलबीची ३५ टक्क्यांच्या पुढे जाते. बिअरसाठी वापरून उरलेल्या जवात, तो वाळवल्यावर, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि निम्म्याच्या वर तंतू असतात. गव्हाच्या कोंड्यात प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास आणि तंतू ४० टक्क्यांच्या वर.

हे एकवटणं लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा ते इतकं गोड वाटणार नाही.

कोंड्यातून कळलेलं जीवनसत्त्व

टाकाऊ भागात काय जातं याचा सर्वांत मोठा धडा जावा बेटावर मिळाला. १८९० च्या दशकात तिथे क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरीचा अभ्यास करत होते. या आजारात हातापायांतली ताकद जाते, हृदय कमकुवत होतं, माणूस दगावतो. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांच्या पायांतही तशीच लुळेपणाची लक्षणं दिसली. कोंडा काढून टाकलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या आजारी पडत, कोंड्यासकटचा असडी तांदूळ किंवा नुसता कोंडा मिळाला की पुन्हा उभ्या राहत. आइकमान यांचा आधी समज झाला की पांढऱ्या तांदळात काही विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. त्यांच्यानंतर काम हाती घेतलेल्या गेरिट ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये बरोबर उलगडा केला: विष वगैरे काही नाही, सडताना शरीराला आवश्यक असं काहीतरी निघून जातंय. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ या दोघांनी ते ‘काहीतरी’ तांदळाच्या कोंड्यातूनच स्फटिकरूपात वेगळं काढलं. आज आपण त्याला थायमिन किंवा बी-१ म्हणतो. आइकमान यांना १९२९ चं नोबेल मिळालं.

म्हणजे कोंड्यात पोषण आहे हे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. शिवाय त्यात १२ ते १५ टक्के प्रथिनं आणि १५ ते २० टक्के तेल असतं. भाताच्या वजनातला आठ-दहा टक्के भाग कोंडा म्हणून निघतो, आणि भात हे जगातल्या सर्वांत मोठ्या पिकांपैकी एक. मग इतकं अन्न माणसाच्या पोटात का जात नाही?

पहिले काही तास

अख्ख्या दाण्यात तेल एका थरात असतं आणि त्या तेलाचे तुकडे करणारं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या थरात. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून भात महिनोन्महिने टिकतो. सडताना हे थर खरवडले जातात आणि तेल व विकर एकमेकांत मिसळतात. त्याच क्षणापासून लायपेज कामाला लागतं. तेलापासून सुटी मेदाम्लं तयार होतात, हवेतला प्राणवायू त्यांना गाठतो, आणि उष्ण-दमट हवेत एका दिवसात कोंड्याला खवट, साबणासारखा वास येऊ लागतो. सकाळी गिरणीतून निघालेला कोंडा आणि दुसऱ्या दिवशी गोदामात पोचलेला कोंडा यांचं पृथक्करण केलं तर प्रथिनांचा आकडा जवळपास तोच येईल, पण पहिला अन्न आहे आणि दुसरा नाही.

उपाय माहीत आहे. कोंडा निघताच त्याला ओलाव्यासह कडक उष्णता द्यायची. एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात तो दाबाखाली १२० ते १३० अंश सेल्सिअसपर्यंत काही सेकंद तापवला की लायपेज निकामी होतं आणि कोंडा काही महिने टिकतो. नुसती कोरडी उष्णता तितकी खात्रीची नाही. अडचण आहे ती अंतराची. हे यंत्र गिरणीला लागून हवं, आणि ते परवडायला रोज भरपूर कोंडा हवा. जिथे भात शेकडो लहान गिरण्यांत सडला जातो तिथे प्रत्येक गिरणीत निघणारा कोंडा थोडा, तो गोळा करेपर्यंत वेळ निघून गेलेली. कोंड्याचा प्रश्न पोषणतज्ज्ञांनी कधीच सोडवला आहे, तो अडून बसलाय गिरणी आणि यंत्र यांच्यामधल्या रस्त्यावर.

ओल्या उपपदार्थांचं दुखणं याहून जास्त. बिअरचा उरलेला जव, सोयाबीनचा लगदा, फळांचा चोथा यांत तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणी असतं, वर थोडी साखर आणि प्रथिनं. जिवाणूंना याहून सोयीचं घर मिळणार नाही. दोन-तीन दिवसांत माल आंबून जातो. वाळवायचं म्हटलं तर गणित करून पाहा: एक टन ओल्या जवातून साधारण ७५० किलो पाणी उडवायचं, आणि तेवढ्या पाण्याची वाफ करायला, उष्णतेचा एक कणही वाया न घालवता, ५०० युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. प्रत्यक्षात जास्तच. हाती येणार अडीचशे किलो कोरडा माल. म्हणून शहाणे कारखाने आधी दाबून शक्य तितकं पाणी काढतात, वाळवण शेवटी. पाणी यंत्राने पिळून काढणं ते उकळून घालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

एकवटतं ते फक्त चांगलंच नाही

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये अवघ्या काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण कळेना, म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ असं नाव दिलं गेलं. शोध घेता घेता धागा खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला. ती ब्राझीलहून आलेली होती आणि तिच्यावर अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून गेली होती. या बुरशीने सोडलेलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाव घालतं, दीर्घकाळ पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि रोजच्या शिजवण्या-भाजण्याने ते पुरतं नाहीसं होत नाही.

यातली पेंडीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की अफ्लाटॉक्सिन तेलात फारसं उतरत नाही. बुरशी लागलेले दाणे घाण्यात गेले की तेलाबरोबर थोडंच विष बाहेर पडतं, उरलेलं पेंडीत राहतं, आणि वजन निम्म्यावर आल्याने तिथे दाट होतं. प्रथिनं ज्या हिशेबाने वाढतात, त्याच हिशेबाने विषही. तांदळाच्या कोंड्याची गोष्ट तीच: जमिनीतून आणि पाण्यातून दाण्यात आलेलं आर्सेनिक बाहेरच्या थरांत जास्त साठतं, म्हणून पांढऱ्या तांदळापेक्षा कोंड्यात ते अधिक सापडतं. फळांच्या साली तंतू आणि रंगद्रव्यांनी भरलेल्या असतात, पण फवारणीचे अंशही सालीवरच बसतात.

यातून घाबरून जायचं कारण नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने पुढच्या प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. शेंगा नीट वाळवल्या, रंग बदललेले दाणे घाण्याआधी वेचून काढले आणि प्रत्येक खेप तपासली तर ती पाळता येते. फक्त ही काळजी तेल काढण्याच्या आधी घ्यावी लागते. पेंड झाल्यावर घेतलेली काळजी उशिराची. तेलासाठी दाणे घेताना ‘पेंडीचं पुढे बघू’ म्हणणाऱ्या कारखान्यात खाण्यालायक पेंड तयार होऊच शकत नाही.

सरकीची लांबलचक वाट

काही विषं मात्र बुरशीची नसतात, झाडाची स्वतःची असतात. सरकी हे त्याचं उत्तम उदाहरण, आणि मला ते सर्वांत जास्त शिकवणारं वाटतं.

कापसाच्या एक किलो तंतूमागे दीड किलोहून जास्त सरकी मिळते, आणि तीत २० टक्क्यांच्या पुढे प्रथिनं असतात. पण सरकीच्या आत बारीक काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. किडींनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज. प्रौढ गाई-म्हशींच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात ते बऱ्यापैकी निष्प्रभ होतं, म्हणून सरकी पेंड त्यांना चालते. कोंबड्या, डुकरं आणि माणसं यांना ते बाधतं.

१९५० च्या दशकात ग्वाटेमालातल्या इन्काप या पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी स्वस्त प्रथिनं शोधायला घेतली. दूध महाग, सरकी मुबलक. मक्याचं पीठ आणि गॉसिपॉल कमी केलेलं सरकीचं पीठ एकत्र करून, वर जीवनसत्त्वं घालून त्यांनी इन्कापरिना नावाचं मिश्रण तयार केलं. ते पाण्यात शिजवून पातळ पेयासारखं घ्यायचं. या जोडीमागे विचार होता. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तेलबिया ती उणीव काही अंशी भरतात. पुढे या मिश्रणात सोयाबीनही आलं, आणि इन्कापरिना ग्वाटेमालात घरोघरी माहीत असलेलं नाव झालं.

सरकीत एक मेख होतीच. उष्णता दिली की सुटं गॉसिपॉल प्रथिनांना चिकटतं आणि त्याचा त्रास कमी होतो. पण ते चिकटतं नेमकं लायसिनला, आणि तेवढं लायसिन शरीराला मिळेनासं होतं. विष घालवायला गेलं की पोषणाला थोडी कात्री लागायचीच.

मग कापसाच्या पैदासकारांनी ग्रंथीच नसलेलं झाड शोधलं. सरकी गोड झाली, पण झाडाचं संरक्षण गेलं आणि शेतात किडी-उंदरांनी त्यावर ताव मारला. खरा तोडगा २००६ मध्ये पुढे आला. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तंत्राने असा कापूस केला की गॉसिपॉल पानांत, खोडात तसंच राहतं, फक्त बीमध्ये ते अगदी कमी तयार होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही सरकी माणसाच्या खाण्यात वापरायला हरकत नसल्याचं सांगितलं. प्रथिनं तिथे आहेत हे कळण्यापासून ती बिनधास्त खाता येण्यापर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

रेपसीडची वाट तुलनेने लवकर मोकळी झाली. तिच्या तेलात इरुसिक आम्ल हे नकोसं मेदाम्ल आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट ही कडवट द्रव्यं जास्त असत. १९७४ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठाच्या बाल्डर स्टेफान्सन यांनी दोन्ही कमी असलेला वाण दिला, त्यातून आजचं कनोला उभं राहिलं. २०१४ मध्ये युरोपीय संघाने रेपसीडचं प्रथिन अन्नघटक म्हणून मान्य केलं.

पाकिटावरचा आकडा आणि पोटातला आकडा

प्रथिनांची टक्केवारी मोजताना बहुधा प्रथिनं मोजलीच जात नाहीत. पदार्थातलं नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. आकडा त्यामुळे झटपट मिळतो, पण त्यातलं किती पचेल हे त्यातून कळत नाही. कोंड्यातली बरीच प्रथिनं जाड पेशीभित्तींच्या आत अडकलेली असतात आणि पाचक रस तिथवर सहज पोचत नाहीत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती नीट तापवल्यावर निकामी होतात. जास्त तापवलं की पुन्हा लायसिनचं नुकसान. हा तोल प्रत्येक पदार्थासाठी वेगळा शोधावा लागतो.

खनिजांचंही असंच. कोंड्यात लोह आणि जस्त भरपूर, पण सोबत फायटिक आम्लही भरपूर, आणि ते या खनिजांना घट्ट धरून ठेवतं. पीठ आंबवलं की फायटेज हे विकर ती पकड सोडवतं. त्यामुळे कोंड्याचा न आंबवलेला बिस्किट आणि नीट आंबवलेला ब्रेड, दोन्हींत लोहाचा आकडा सारखा असला तरी शरीराला मिळणारं लोह सारखं नसतं.

माझ्या मते या चर्चेत प्रथिनांना जरा जास्तच मान मिळतो आणि तंतू मागे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवले, आणि जगात कितीतरी लोक त्याच्या जवळपासही पोचत नाहीत. उपपदार्थांची खरी श्रीमंती इथे आहे. गव्हाच्या कोंड्यातले न विरघळणारे तंतू पोट साफ ठेवतात. लिंबू-संत्र्यासारख्या फळांची साल आणि सफरचंदाचा चोथा यांतलं पेक्टिन पाण्यात विरघळून दाटसर होतं, साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतं आणि कोलेस्टेरॉल खाली आणायला मदत करतं. जॅम घट्ट करणारं बाजारातलं पेक्टिनही मुख्यतः याच दोन उपपदार्थांपासून बनतं.

नाल्यातून डब्यात

आता एका उपपदार्थाचं भाग्य पाहा. दहा लिटर दुधाचं साधारण एक किलो चीज होतं, आणि नऊ लिटर व्हे, म्हणजे ते पिवळसर पाणी, मागे राहतं. त्यात प्रथिनं एक टक्क्याहूनही कमी आणि दुग्धशर्करा साडेचार-पाच टक्के. बराच काळ ते नदीनाल्यांत सोडलं जाई. तिथे जिवाणू त्या शर्करेवर तुटून पडत, पाण्यातला प्राणवायू संपत असे आणि मासे मरत. मग प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि १९७० च्या दशकात अतिसूक्ष्म गाळणीचं तंत्र हाती आलं. पडद्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी आणि शर्करा पार जाते, प्रथिनं अडतात. न उकळता, प्रथिनांना धक्का न लावता ती वेगळी काढता येऊ लागली. आज व्हे प्रथिनाची भुकटी खेळाडूंच्या डब्यात आणि बाळांच्या दुधाच्या पावडरीत असते.

बटाट्याची वाटचाल तशीच. स्टार्चच्या कारखान्यात उरणाऱ्या रसात उत्तम दर्जाची प्रथिनं असतात. तापवून साकळली की ती जनावरांच्या खाद्यापलीकडे उपयोगी पडत नसत. सौम्य गाळणीने काढली आणि बटाट्यातली विषारी ग्लायकोअल्कलॉइड बाजूला केली की तीच प्रथिनं माणसाच्या अन्नात फेस आणि घट्टपणा आणायला वापरता येतात. आंब्याच्या कोयीतल्या गराचं तूपासारखं मेद तर युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेट नियमात नावानिशी आहे: कोको बटरखेरीज जी सहा वनस्पतिज मेदं पाच टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांतलं ते एक.

सगळेच प्रयत्न फळले असं नाही. इंग्लंडच्या रोथमस्टेड संशोधन केंद्रातले एन. डब्ल्यू. पिरी यांनी दुसऱ्या महायुद्धापासून पुढची कित्येक वर्षं पानांतली प्रथिनं माणसांना खाऊ घालण्याचा ध्यास घेतला. पोषणात ती कमी नव्हती. पण हिरवा रंग आणि गवताची चव लोकांना नको होती. ब्रेडमध्ये कोंडा किंवा चोथा मिसळतानाही असंच होतं: तंतू पाणी ओढून घेतात, पिठातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाची जाळी तोडतात, प्रमाण वाढवत नेलं की ब्रेड फुगत नाही. चवीला कमी लेखणारा पोषणाचा बेत कागदावरच राहतो.

एक हरकत नेहमी घेतली जाते, आणि ती वजनदार आहे. पेंड आणि कोंडा वाया कुठे जातात, ते गुरं खातातच की. खरं आहे. २०१७ साली आलेल्या एका अभ्यासानुसार जगातल्या पशुखाद्याचा ८६ टक्के भाग माणसं खात नाहीत अशा गोष्टींचा असतो, म्हणजे गवत, कडबा, उपपदार्थ. त्यातली पेंड आपण उचलली आणि तिच्या जागी गुरांना धान्य घालावं लागलं तर हाती काय आलं? म्हणून मला वाटतं, आधी जे कुणाच्याच पोटात जात नाही ते हाती घ्यावं: सडून जाणारा चोथा, सांडपाण्यात जाणारी प्रथिनं, ओला लगदा. पेंडीतलाही चांगला, तपासलेला वाटा माणसासाठी काढावा, पण गुरांच्या दावणीत त्याजागी काय पडणार हे ठरवून.

तोवर दुकानात ‘उपपदार्थांपासून बनवलेलं’ असं काही दिसलं तर घटकांच्या यादीत तो पदार्थ कितव्या स्थानावर आहे हे पाहा. मैदा आणि साखरेनंतर कुठेतरी दोन टक्के कोंडा असेल तर पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांना फारसा अर्थ नाही. आणि पेंड पौष्टिक असते हे वाचून जनावरांच्या खाद्याच्या पोत्यातली पेंड कृपा करून घरच्या पिठात मिसळू नका. तिचे दाणे माणसासाठी निवडलेले नसतात, तेल काढायला वापरलेलं रसायन खाण्याच्या निकषांवर पुरतं उडवलेलं असेलच असं नाही, पोतं किती दिवस ओलीत होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि अफ्लाटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या खाण्यासाठी केलेलं तेलविरहित पीठ वेगळं विकत मिळतं, त्यावर खेप क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. घ्यायचं तर ते घ्या.